पृथ्वीच्या आवाजाची खोली

पृथ्वीची फ्रिक्वेन्सी किती, हा प्रश्न मला रोज कोणी ना कोणी विचारतंच. जणू पृथ्वी म्हणजे एखादं रेडिओ स्टेशन आहे आणि एकदा आकडा कळला की काटा फिरवून तिच्यावर जुनी गाणी ऐकायची आहेत. मी विज्ञान केंद्रात दुसऱ्या दालनात असते, 'लहरी आणि पृथ्वी' या पाटीखाली. दालनात एक लांबलचक स्प्रिंग आहे, पाण्याची उथळ टाकी आहे आणि मधोमध कापलेला पृथ्वीचा गोळा आहे. त्यावर 'हात लावू नये' असं लिहिलंय आणि हात लावून लावून त्याच्या गाभ्याचा रंग उडालाय.

मी उलट विचारते, कसली फ्रिक्वेन्सी? वारंवारता म्हणजे एखादी गोष्ट ठरावीक वेळात किती वेळा होते ते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ती दिवसाला एकदा. मोठा भूकंप झाला की ती घंटेसारखी थरथरते, त्यातली सगळ्यात सावकाश थरथर जवळजवळ तासाला एकदा. विजा चमकतात त्यांच्या लहरी जमीन आणि आभाळाच्या मध्ये घुमत राहतात, त्या सेकंदाला आठेक वेळा. यातली कुठली देऊ? एवढं सांगेपर्यंत समोरच्याचे डोळे उपाहारगृहाकडे वळलेले असतात. गाढवाला गुळाची चव काय.

बाकीचे प्रश्नही ठरलेले. सगळ्यांनी एकदम उडी मारली तर पृथ्वी हलेल का? ती एवढी फिरते तर घरघर का ऐकू येत नाही? एका गृहस्थांनी विचारलं की मोबाइलच्या लहरींनी केस गळतात का. त्यांच्या डोक्यावर एक केस नव्हता. बैल गेला आणि झोपा केला, असं तोंडावर आलं होतं, पण मी त्यांना स्प्रिंग हलवून दाखवली. स्प्रिंग हलवली की माणसं गप्प होतात, कारण ती व्हिडिओ काढायला लागतात.

केंद्रातल्या माणसांबद्दल न बोललेलंच बरं, म्हणून थोडंच बोलते. संचालकांना सगळे साहेब म्हणतात. ते आधी कुठल्या तरी दुसऱ्या खात्यात होते. तिथे त्यांनी काय केलं हे कुणाला माहीत नाही, त्यांनाही नसावं. एखादा प्रयोग दाखवला की म्हणतात, छान आहे, पण यात संदेश काय? दुसरा वायरमन. तो दिवसभर खांद्यावर शिडी घेऊन फिरतो. खांद्यावर शिडी असली की माणूस कामात आहे असं वाटतं, हे त्याला फार लवकर उमगलं. दालनातली प्रत्येक पाटी मी लिहिलेली, आणि प्रत्येक पाटीखाली छापलेलं काय, तर 'संचालकांच्या मार्गदर्शनाखाली'. माझं नाव या इमारतीत एकाच ठिकाणी होतं, माझ्या जेवणाच्या डब्यावर.

म्हणून ती खोली मला हवी होती. माझ्या डोक्यातून निघालेली, माझ्या हाताने झालेली आणि दारावर माझं नाव असलेली एक तरी गोष्ट इथे मागे राहावी, असं मला वाटत होतं. फार वाटत होतं. हे मी कोणाजवळ बोलले नव्हते, कारण बोलले असते तर साहेबांनी त्यातही मार्गदर्शन केलं असतं.

कल्पना साधी होती. आमच्या तळघरात सिमेंटच्या ओट्यावर जमिनीची थरथर नोंदवणारं एक यंत्र आहे. जमीन कधीच गप्प नसते. दूरच्या समुद्रात लाटा उसळतात, त्यांच्या दणक्यानेसुद्धा ती हलत असते. पण इतकी सावकाश, की एका हेलकाव्याला काही सेकंद जातात. आपल्या कानांना सेकंदाला निदान वीस हेलकावे लागतात, त्याखालचं त्यांना ऐकूच येत नाही. मग मी त्या नोंदी घेतल्या आणि शेकडो पटींनी पळवल्या. काही दिवसांची थरथर काही मिनिटांत बसवली, तेव्हा ती ऐकू आली. आवाज गोड नव्हता. रिकाम्या खोलीतून कोणीतरी जड पोतं ओढत नेतंय, असा खरबरीत होता. मधूनच 'टक्' व्हायचं, दारावर कोणी बोट वाजवल्यासारखं. तो कुठल्या तरी बारीक धक्क्याचा आवाज, कुणाला जाणवलाही नसेल असा.

हे सगळं मी घरी केलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, संध्याकाळच्या वेळी. समोर आमचे हे मटार सोलत बसलेले असायचे. यांनी कापडाच्या दुकानात उभं आयुष्य काढलं. गिऱ्हाईक काहीही बडबडलं तरी शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं आणि मग ठाण उलगडायचं, हीच सवय घरीही. निवृत्त झाल्यापासून यांना दोनच उद्योग, भाजी निवडणं आणि मला प्रश्न विचारणं. तेही केंद्रातल्या पाहुण्यांच्याच तोडीचे. 'टक्' झालं की शेंग हातात तशीच धरून म्हणायचे, आलं बघ. जणू पोस्टमन आलाय.

एकदा यांनी विचारलं, "एवढी सावकाश बोलते बिचारी, म्हणून कोणाला ऐकू जात नाही का?"

"पृथ्वी बोलत नसते," मी म्हणाले. "तुम्ही मटार सोला."

खोली तयार झाली. दालनाच्या टोकाला, लाकडी फळ्यांची, आत काळा पडदा आणि एक बाक. फळ्यांच्या पलीकडे बोळात पाणी पिण्याचा जुना कूलर होता. दारावर पाटी, 'पृथ्वीचा आवाज'. नावाची पितळी पट्टी मागाहून लावू, असं साहेब म्हणाले, आधी लोकांना आवडतंय का बघू. उद्घाटन झालं. पहिले काही दिवस लोक आत जायचे आणि तोंड वाकडं करून बाहेर यायचे. स्पीकर फाटलाय का, असं विचारायचे. एक बाई म्हणाल्या की पोटात गुरगुरतंय तसं वाटतं. नाचता येईना अंगण वाकडे. यांना ऐकता येत नाही आणि म्हणे स्पीकर फाटला. मी बाहेर एक नवी पाटी लिहून लावली, हा आवाज कसा ऐकावा याची.

आणि दोन-तीन आठवड्यांत चित्र पालटलं. लोक आत गेले की लवकर बाहेर येईनात. आले तर डोळे मिटलेले, चेहरा सैल पडलेला. किती शांत वाटतं, म्हणायचे. आईच्या कुशीत असल्यासारखं वाटतं, म्हणायचे. पाटी वाचून माणसं सुधारतात असा माझा अनुभव नाही, तरी या वेळी मला तसं वाटलं. मी स्वतः उद्घाटनानंतर एकदाही आत गेले नव्हते. मिठाईवाला काही आपली मिठाई खात बसत नाही. शिवाय त्या मिटल्या डोळ्यांच्या माणसांत मांडीला मांडी लावून बसण्याची मला शिसारी यायची.

त्यातून उगवली शांतताबाई. हे नाव मी ठेवलेलं. ती लोकांना श्वास घ्यायला शिकवते. जन्मल्यापासून माणसं जे न शिकता करतात, त्याचे तिने वर्ग काढलेत, आणि वर्ग भरतातही. ती आपल्या शिष्यांना घेऊन यायला लागली. आपल्या शरीराची आणि पृथ्वीची फ्रिक्वेन्सी एकच असते, ती इथे जुळते, असं ती माझ्याच दालनात उभी राहून सांगायची. मी तिला म्हटलं की शरीराला अशी एक फ्रिक्वेन्सी नसते. हृदयाची वेगळी, श्वासाची वेगळी, आणि खोलीतला आवाज तर मी शेकडो पटींनी पळवलेला आहे. ती माझ्याकडे दयेने बघून हसली. ताई, तुम्ही डोक्याने ऐकता, म्हणाली. उचलली जीभ लावली टाळ्याला.

पण खरं सांगते, ती बाहेर येऊन डोळे पुसायची तेव्हा मला आतून बरं वाटायचं. मूर्खांनी केलेलं असलं तरी कौतुक ते कौतुकच. मी तेवढ्यापुरती पाण्याच्या टाकीवर वाकून तोंड लपवायची.

अशातच एक दिवस माझा चष्मा घरी राहिला आणि तो द्यायला हे केंद्रात आले. आलोच आहे तर ऐकून जातो, म्हणून खोलीत जाऊन बसले. बराच वेळ बसले. बाहेर आले तेव्हा माझ्याभोवती पाहुण्यांचा घोळका होता. हे कडेला येऊन हळूच म्हणाले, अगं, त्यात आता टक् होत नाही. मी म्हटलं, भूकंप तुमच्या सोयीने होत नसतात, धीर धरायला लागतो. हे मान हलवून गेले. गिऱ्हाईकाला कापड पसंत पडलं नाही की अशीच हलवत असतील.

मग साहेबांनी बातमी आणली. मुख्य कार्यालयातले पाहुणे येणार, आमचा आवाज ऐकणार आणि पसंत पडला की तो सगळ्या केंद्रांत लावणार. आणि त्याच दिवशी दारावर पितळी पट्टी, माझ्या नावाची. साहेबांनी मजकूरसुद्धा मलाच लिहायला सांगितला. मी आठवडाभर त्या दोन ओळींना झुंजत होते. निर्मिती म्हणावं की संकल्पना म्हणावं? संकल्पना हा शब्द काहीच न केलेल्या माणसांसाठी असतो, म्हणून निर्मिती लिहिलं. त्या रात्री जेवताना हे काहीतरी सांगत होते, आज परत जाऊन आलो तुझ्या खोलीत, चांगला तासभर बसलो, असं काहीसं. माझ्या डोक्यात अक्षरांचा आकार चालला होता. मीठ द्या इकडे, मी म्हणाले.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी घाईत होते. हे दारापर्यंत आले आणि म्हणाले, तू स्वतः एकदा आत बसून बघ ना. मी चप्पल घालत म्हटलं, तो आवाज मी बनवलाय, मला काय बसायला सांगता. वर असंही म्हटलं की ज्याला कापडाखेरीज काही कळत नाही त्याने मला लहरी शिकवू नयेत. यांनी दार लावून घेतलं.

केंद्रात पाहुण्यांसाठी लगबग चालू होती. जुना कूलर गळायचा, पाहुण्यांच्या पायाखाली पाणी नको, म्हणून साहेबांनी सकाळीच तो काढून नवा बसवून घेतला होता. नवा अगदी मूग गिळून बसल्यासारखा गप्प. पट्टीवर रेशमी कापड टाकलेलं होतं. शांतताबाईलाही बोलावलं होतं, समाधानी लोकांचा नमुना म्हणून.

मुख्य पाहुणे आत गेले, बरोबर दोघं-तिघं. दार बंद झालं. आम्ही बाहेर उभे. काही वेळाने ते बाहेर आले, चेहऱ्यावर गंभीर भाव. "फारच सूक्ष्म आहे," ते म्हणाले. दुसरे म्हणाले की अनुभव शब्दांत सांगता येणार नाही. तिसऱ्याने नुसतीच छातीवर हात ठेवून मान डोलावली. साहेब आनंदाने माझ्याकडे बघायला लागले. माझी मान ताठ झाली, हे कबूल करायला हवं.

मग शांतताबाई आत गेली आणि लगेच बाहेर आली. आज पृथ्वी गप्प आहे, म्हणाली. कुणाच्या तरी मनात राग आहे, म्हणून ती बोलत नाही. हे म्हणताना ती माझ्याकडे बघत होती. मी तिला बाजूला सारून आत गेले.

खोलीत काहीच नव्हतं. मी बाकावर बसले, कान दिले, श्वास धरून ठेवला. पोतं ओढण्याचा आवाज नाही, टक् नाही, काही नाही. बाहेर साहेब हसत होते ते ऐकू येत होतं. पाहुण्यांनी ज्याला सूक्ष्म म्हटलं ते हे होतं.

मी वायरमनला बोळात गाठलं. शिडी खाली ठेवायला लावली. स्पीकर का बंद आहे, विचारलं. तो म्हणाला, स्पीकर चांगला आहे, पण आवाज मोठा करणारा डबा सभागृहात आहे. तिथल्या कार्यक्रमाला लागला म्हणून नेला होता.

"केव्हा नेलास?"

"उद्घाटन झाल्यावर थोड्या दिवसांनी. परत कोणी मागितला नाही, मला वाटलं नको असेल."

"मग इतके महिने लोक आत काय ऐकत होते?"

त्याने नव्या कूलरकडे बघितलं, मग फळीवर हात ठेवला. "जुना कूलर ह्या फळीला टेकलेला होता, ताई," तो म्हणाला. "चालू झाला की फळी गुणगुणायची. मी एकदा म्हटलं होतं मधे रबर घालू का, तर साहेब म्हणाले, राहू दे, चांगलं वाटतंय."

आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरली होती. आईची कूस, जुळलेली फ्रिक्वेन्सी, पुसलेले डोळे, सगळं त्या गळक्या कूलरचं होतं. कानामागून आला आणि तिखट झाला, आणि माझी पृथ्वी तिकडे स्पीकरला लावलेल्या पेन ड्राइव्हमध्ये मुक्याने पडून होती. मी वायरमनला तसाच सभागृहाकडे पिटाळला.

डबा आणवला, जोडवला आणि पाहुण्यांना पुन्हा आत बसवलं. या वेळी मीही दारात उभी होते. माझा आवाज सुरू झाला, खरबरीत, जड, जसा होता तसा. मला गहिवरून आलं. मुख्य पाहुण्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि स्पीकर फाटलाय का, असं विचारलं. शांतताबाईने कानांवर हात ठेवले. पोटात खुपतंय, म्हणाली, आधीचा आवाज लावा. तो कूलर होता, असं मी सरळ सांगून टाकलं. आणि त्याआधी तुम्ही ऐकलंत ते तर काहीच नव्हतं, असंही पाहुण्यांना सांगितलं. ते मोठ्याने हसले आणि वैज्ञानिकांना विनोदबुद्धी असते हे पहिल्यांदाच कळलं, म्हणाले.

साहेबांनी मला बोळात नेलं. त्यांचा आवाज अगदी समजूतदार होता. जुना कूलर अजून फाटकातच आहे, तो परत लावून घेऊ, म्हणाले. तोच आवाज रेकॉर्ड करून सगळ्या केंद्रांना पाठवू.

"साहेब, तो कूलर आहे. ती पृथ्वी नाही."

"आणि कूलर काय पृथ्वीच्या बाहेरून आलाय?" ते म्हणाले. "लोकांना शांत वाटतंय ना? मग यात संदेश आहे."

मी म्हटलं, मग माझं नाव काढा. ते म्हणाले की नाव पितळेत कोरलंय, ते काय खोडरबराने पुसतात? आणि इतकी वर्षं नाव नाही म्हणून तुमचं तोंड वाकडं असायचं, आता आहे तर नको. त्यांना हे कळलेलं होतं, याचंच मला जास्त वाईट वाटलं. दुपारपर्यंत जुना कूलर फळीला टेकून उभा राहिला, गुणगुणायला लागला, आणि टाळ्यांच्या गजरात पट्टीवरचं कापड निघालं. 'पृथ्वीचा आवाज', निर्मिती, आणि खाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. वायरमनने पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला. याचं आता काम नाही ना, असं त्याने विचारलं. मी तो पर्समध्ये टाकला आणि कोणाला न सांगता घरी आले.

हे टेबलाशीच होते, समोर मटारांचं ताट. मी पेन ड्राइव्ह लावला आणि आवाज सुरू केला. हे सोलता सोलता थांबले. पोतं ओढलं जात होतं, ओढलं जात होतं. मग टक् झालं.

"आलं," हे म्हणाले, आणि इतके मोकळे हसले की मला बघवेना.

मी यांना सगळं सांगितलं. साहेब, शांतताबाई, पाहुणे, सगळ्यांचा यथेच्छ उद्धार केला. इतके महिने इतकी माणसं आत बसून गेली आणि एकाही गाढवाला कळलं नाही, असं मी म्हणाले. हे शांतपणे ऐकत होते, शेवटपर्यंत, सवयीप्रमाणे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "तुम्ही ओळखलं होतं. मग मला सांगितलं का नाही?"

"तीनदा सांगितलं," हे म्हणाले.

मी तोंड उघडलं. नेहमीचं उत्तर जिभेवर तयार होतं. मग चष्म्याचा दिवस आठवला, मिठाचं भांडं आठवलं आणि सकाळचं दार आठवलं. मला लाज वाटली, आणि लाज वाटल्याचाच राग आला.

"फार सावकाश सांगितलं असेल मी," हे म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला त्याला उत्तर देता आलं असतं.

आवाज चालूच होता. यांनी हात पुसले आणि पुढचं टक् केव्हा येईल म्हणून कान देऊन बसले. मी ताट माझ्याकडे ओढलं आणि मटार सोलायला घेतले.